इसिओलो आणि मार्साबितमधील संघर्ष-व्यवस्थापन प्रशिक्षण : आधी माणसे, मग विषय

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. केनियाच्या उत्तरेकडील इसिओलो आणि मार्साबित या दोन काउंटींमधल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) पस्तीस समाजप्रतिनिधींसाठी तीन दिवसांचे संघर्ष-व्यवस्थापन प्रशिक्षण घेण्याची जबाबदारी एका संस्थेने आपल्यावर सोपवली आहे. मराठवाड्यात आठ वर्षे तंटामुक्त गाव समित्यांची शिबिरे घेतल्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. आता तीन दिवसांत कोणते विषय घ्यावेत आणि इकडचे साहित्य भाषांतर करून तिकडे वापरता येईल का, हे आपल्याला हवे आहे. उत्तर केनियात स्थानिक प्रशिक्षकांच्या जोडीने मी बरीच वर्षे हेच काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विषयांची यादी सर्वांत शेवटी करावी, असे मी सुचवीन. त्या भागात मध्यस्थीच्या कौशल्याची टंचाई नाही. दोन्ही बाजूंचे शांतपणे ऐकून घेणे, बोलण्याचा क्रम ठरवणे, रागावलेल्या माणसाला मोकळे होऊ देणे आणि मग नुकसानभरपाईचा आकडा जुळवत आणणे, हे बोराना किंवा सोमाली या तिथल्या पशुपालक समाजांतला जाणता वृद्ध आपल्याहून कितीतरी चांगले करतो. त्याची अडचण वेगळी आहे. त्याचे ज्ञान त्याच्या समाजापुरते चालते. पलीकडच्या समाजातल्या त्याच्यासारख्याच माणसाशी त्याची ओळख तुटलेली असते. स्वतःच्या समाजातले बंदूक घेऊन गुरांमागे फिरणारे तरुण पूर्वीइतके त्याचे ऐकत नाहीत, आणि पोलीस व प्रशासन त्याला केवळ प्रसंग ओढवल्यावर बोलावतात. तेव्हा आपल्यासमोरचा खरा प्रश्न असा आहे, की पुढच्या वेळी गुरे पळवली गेली किंवा एखादा गुराखी मारला गेला, तर पहिल्या दोन दिवसांत कोण कोणाला फोन करील आणि तो फोन उचलला जाईल का. तीन दिवसांच्या शिबिरातून एवढे साधले, तरी ते फार मोठे आहे असे मी मानतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगायला हवे. दोन समाजांत गेल्या काही आठवड्यांत रक्तपात झाला असेल, तर एकत्र शिबिर घेऊ नये. दोन्हीकडे स्वतंत्र बैठका घ्याव्यात आणि एकत्र येण्याची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी. निवडणूक जवळ आली असेल, तर कोणत्याही सभेकडे उमेदवाराच्या चष्म्यातून पाहिले जाते. २०१० च्या राज्यघटनेनंतर आणि २०१३ च्या निवडणुकीपासून केनियात ४७ काउंटी सरकारे आली, निधी थेट काउंटीकडे येऊ लागला, आणि त्यामुळे मार्साबितसारख्या ठिकाणी गव्हर्नरपद कोणत्या समाजाकडे जाते हा कुरण आणि पाण्याइतकाच जिवंत प्रश्न बनला. आपली संस्था तिथे पूर्वी कोणत्या समाजाच्या गावांत काम करत होती, यावरही आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल हे ठरते. या तीन गोष्टींची माहिती आपल्या प्रश्नात नाही. ती मिळवल्याशिवाय तारीख पक्की करू नये.

आता तंटामुक्तीच्या अनुभवाविषयी. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून आपण जे शिकलात त्यातले काही नक्की उपयोगी पडेल: तंट्याची नोंद ठेवण्याची शिस्त, समितीत स्त्रिया आणि तरुण असण्याचा आग्रह, समेट झाल्यावर तो चारचौघांत वाचून दाखवण्याची पद्धत. परंतु त्या मोहिमेचा पाया म्हणजे सीमा ठरलेले एक गाव, त्याची ग्रामसभा आणि हाकेच्या अंतरावर नसले तरी पोहोचता येईल असे पोलीस ठाणे. इसिओलोच्या बाहेर पडल्यावर हा पाया राहत नाही. तिथे वादी आणि प्रतिवादी दोघेही गुरांबरोबर चालणारे असतात, कुरणाची हद्द पावसाप्रमाणे सरकते, आणि ज्या समितीत एकाच समाजाची माणसे आहेत ती समिती कितीही चांगली असली तरी मुख्य तंट्याला हात लावू शकत नाही. मोहिमेतली पुरस्काराची कल्पना तर तिकडे मुळीच नेऊ नये. किती तंटे मिटवले यावर बक्षीस ठरू लागले, की न मिटलेले तंटे मिटल्याचे दाखवण्याचा मोह होतो. मार्साबितमध्ये त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागेल.

शब्दांचीही काळजी घ्यावी. केनियात ‘चीफ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टोळीचा प्रमुख येतो, पण तिथला चीफ हा राष्ट्रीय सरकारचा पगारी प्रशासकीय अधिकारी आहे. त्याने बोलावलेल्या जाहीर सभेला ‘बराझा’ म्हणतात. समाजाचे वडीलधारे, ज्यांना स्वाहिलीत ‘वझेए’ म्हणतात, ते वेगळे आणि त्यांचा अधिकार वेगळ्या मुळांतून आलेला असतो. निमंत्रणाचे काम चीफवर सोपवले तर बराझाला येणारी माणसे शिबिराला येतात. तंटा प्रत्यक्ष हाताळणारी माणसे येतीलच असे नाही. चीफला वगळूनही चालत नाही, कारण सभा घ्यायची तर त्याला माहिती असायलाच हवी. मी चीफना पहिल्या दिवशी सकाळी सन्मानाने बोलावतो, दुपारनंतरचे सत्र त्यांच्याविना घेतो, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा बोलावतो.

आपण पाठवलेल्या मसुद्यात ‘दुष्काळ हे संघर्षाचे मूळ कारण’ असे पहिलेच सत्र आहे. हे सत्र काढून टाकावे. दुष्काळात पाण्यासाठी माणसे एकमेकांवर तुटून पडत असतील असे दूरवरून वाटते खरे, पण मार्साबितमधील गुरेचोरीच्या अनेक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा आढळले, की दुष्काळी वर्षांपेक्षा चांगल्या पावसाच्या वर्षांत अधिक माणसे मारली गेली. गुराख्यांना विचारले तर ते याची कारणे सहज सांगतात. पावसानंतर झुडपे वाढून लपायला आडोसा मिळतो, ठिकठिकाणी पाणी साचल्यामुळे पळवलेली गुरे लांब नेता येतात, आणि जनावरांच्या अंगात लांब चालण्याची ताकद असते. कडक दुष्काळात मात्र तीच माणसे एकमेकांच्या विहिरींवर अवलंबून असतात, म्हणून बोलणी करतात आणि पाळ्या लावून पाणी वाटून घेतात. याचा अर्थ टंचाईचा तंट्याशी संबंध नाही असा नाही. पण त्या माणसांनी दुष्काळात काय काय जुळवून घेतले हे त्यांच्याच तोंडून ऐकले, तर प्रशिक्षणाचे निम्मे साहित्य तिथेच सापडते.

या कामाचा सर्वांत चांगला धडा मला वजीरमधून मिळाला आहे, आणि तो आपण शिबिराआधी नीट समजून घ्यावा अशी माझी इच्छा आहे. वजीर हा सोमालियाच्या सीमेलगतचा भाग. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दुष्काळ, सोमालियाचे कोसळणे आणि १९९२ च्या निवडणुकीतली चुरस एकदम आली आणि देगोदिया, अजुरान आणि ओगादेन या सोमाली कुळांमध्ये मोठा रक्तपात झाला. भांडण बाजारापर्यंत पोहोचले आणि एका कुळाच्या बायका दुसऱ्या कुळाच्या बायकांकडून काही विकत घेईनाशा झाल्या. तेव्हा देखा इब्राहिम अब्दी आणि त्यांच्यासारख्या काही स्त्रिया आधी बाजारापासूनच कामाला लागल्या. कोणत्याही कुळाच्या बाईला तिथे निर्धास्तपणे खरेदी-विक्री करता आली पाहिजे, एवढीच त्यांची पहिली मागणी होती, आणि ती पाळली जाते की नाही यावर त्यांनी स्वतः लक्ष ठेवले.

बाजार सावरल्यावर त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. पुढची बोलणी चालवण्यासाठी पुढे आले ते या भांडणात बाजू नसलेल्या एका लहान कुळाचे वृद्ध. मग तरुण आले, अधिकारी आले, आणि १९९३ मध्ये वडीलधाऱ्यांनी अल-फताह शांतता जाहीरनामा केला. १९९५ मध्ये या सगळ्या प्रयत्नांतून वजीर शांतता आणि विकास समिती उभी राहिली, आणि पुढे केनियात जिल्हावार शांतता समित्या स्थापन झाल्या तेव्हा हाच नमुना डोळ्यांसमोर होता. देखा इब्राहिम अब्दी यांना २००७ मध्ये ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलिहूड पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये अपघाती जखमांमुळे त्यांचे निधन झाले. मला त्यांच्या कामातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. प्रथम ज्यांना रोज एकमेकांची गरज पडते त्या बायका, मग ज्यांच्या शब्दाला वजन आहे ते वृद्ध, मग ज्यांच्या हातात शस्त्र आहे ते तरुण, आणि सरकार सोबत, पण पुढे नाही. आपले पस्तीस सहभागी निवडताना हा क्रम समोर ठेवावा.

म्हणून निवडीबद्दल माझा ठाम आग्रह असा, की ‘प्रत्येक गावातून दोन प्रतिनिधी’ हे सूत्र सोडून द्यावे. ज्या दोन समाजांत प्रत्यक्ष तणाव आहे, त्यांच्या सामाईक वाटा, विहिरी आणि बाजार कोणते हे आधी शोधावे आणि त्या प्रत्येक ठिकाणाभोवती दोन्हीकडची माणसे निवडावीत: एका बाजूचा एक वृद्ध तर दुसऱ्या बाजूचाही, एका बाजूची दूध विकणारी बाई तर दुसऱ्या बाजूचीही, आणि गुरांमागे राहणारे तरुण दोन्हीकडून. तरुणांना आणणे सर्वांत कठीण असते, कारण ते शहरात राहत नाहीत. शहरातल्या युवक संघटनेचा पदाधिकारी सहज मिळतो, छान इंग्रजी बोलतो, अहवालही लिहून देतो; पण बंदूक त्याच्या हातात नसते. निवडीसाठी तीन आठवडे लागले तरी ते द्यावेत.

माझी एक चूक इथे सांगतो, म्हणजे आपल्याकडून ती होणार नाही. अगदी सुरुवातीच्या एका शिबिरात मी नाट्यप्रवेशासाठी त्याच भागात घडलेला गुरेचोरीचा प्रसंग घेतला आणि ज्याच्या त्याच्या समाजाची भूमिका त्याला दिली. दहा मिनिटांत एक माणूस उठून बाहेर गेला, आणि त्याच्या मागोमाग त्याच्या समाजाचे सगळेच उठले. ज्या गुरांविषयी आम्ही नाटक करत होतो ती त्याच्या भावाची होती, आणि त्या भावाचे काय झाले हे खोलीतल्या सर्वांना ठाऊक होते, मला सोडून. आयोजक संस्थेने मला ते सांगितले नव्हते, पण मीही विचारले नव्हते. तेव्हापासून मी नाट्यप्रवेश घेतलाच तर तो दूरच्या, काल्पनिक प्रसंगावर घेतो आणि पहिल्या दिवशी कधीच घेत नाही.

पहिल्या दिवशी मी जमिनीवर नकाशा काढायला लावतो. दोन गट वेगवेगळ्या झाडांखाली बसतात. दगड म्हणजे विहीर, काठी म्हणजे रस्ता, राख म्हणजे जळालेली वस्ती. तासाभराने सगळे मिळून दोन्ही नकाशे पाहतात. एकाच विहिरीला दोन नावे असल्याचे आणि दोन्ही नकाशांत ती ‘आमची’ म्हणून मांडल्याचे त्यांच्या लक्षात येते, आणि मला काहीही सांगावे लागत नाही. त्यानंतर काळाची रेघ आखायला लावतो. इथे मन घट्ट ठेवावे लागते. त्या रेघेवर १९६३ नंतरचे ‘शिफ्ता’ युद्ध, म्हणजे सोमाली फुटीरतावादी आणि केनिया सरकार यांच्यातला लढा, येते. सोमाली सहभागी असतील तर फेब्रुवारी १९८४ मधील वजीरजवळचा वगाला धावपट्टीवरचा संहार येतो, जो सुरक्षा दलांनीच केला होता. मार्साबितच्या गटात जुलै २००५ चा तुर्बी येथील हल्ला येतोच. त्यात शाळकरी मुलांसह पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. हे बोलणे आपण मध्येच थांबवू नये, त्यावर भाष्यही करू नये. चहा लांबवावा, आणि पुढचे सत्र रद्द करावे लागले तर करावे. ज्यांच्या मनात सरकारच्या हातून झालेला अन्याय ताजा आहे त्यांना ‘तक्रार पोलिसांकडे न्या’ असे शिकवण्यापूर्वी हे ऐकणे आवश्यक आहे.

तुर्बीचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. त्या हल्ल्यानंतर समेटासाठी निघालेल्या लोकप्रतिनिधींचे विमान एप्रिल २००६ मध्ये मार्साबितजवळ कोसळले आणि चौदा जण मृत्युमुखी पडले. त्या तंट्यातल्या बोराना आणि गाब्रा या दोन समाजांचा मायकोना–वाल्दा शांतता जाहीरनामा झाला तो २००९ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर चार वर्षांनी. दोन समाजांना एकमेकांसमोर बसायला इतका काळ लागत असेल, तर तीन दिवसांच्या अखेरीस सर्वांच्या सह्यांचा ‘शांतता करार’ काढून घेण्याचा आग्रह धरू नये. आपल्या संस्थेला अहवालासाठी तसे काही हवे असण्याची शक्यता आहे. तिला हे आधीच स्पष्टपणे सांगावे.

भरपाई आणि कायदा यांवर एक पूर्ण सत्र ठेवावे, कारण इथे चुकीचे शिकवले तर माणसे अडचणीत येतात. उत्तर केनियातल्या समाजांच्या २००१ च्या मोदोगाशे जाहीरनाम्यात मारल्या गेलेल्या पुरुषासाठी शंभर आणि स्त्रीसाठी पन्नास जनावरे अशी भरपाई ठरली होती. त्यावर स्त्रियांच्या गटात आपोआप प्रश्न निघतो, आणि तो त्यांनीच विचारावा. बाहेरच्या माणसाने व्याख्यान दिले तर वृद्ध गप्प बसतात आणि चर्चा संपते. केनियाच्या राज्यघटनेच्या कलम १५९ मध्ये पारंपरिक तंटानिवारणाला मान्यता आहे, पण ते मूलभूत हक्कांच्या विरोधात जाता कामा नये अशी अटही तिथेच आहे. २०१३ मध्ये नैरोबीच्या उच्च न्यायालयाने दोन कुटुंबांत भरपाईने समेट झाल्यावर सरकारी पक्षाच्या विनंतीवरून खुनाचा एक खटला मागे घेऊ दिला. त्यावरून भरपाई दिली की खटला संपतो असा समज पसरला आहे. तो समज शिबिरात दूर करावा, आणि लैंगिक अत्याचाराचे प्रकरण झाडाखालच्या बैठकीत मिटवायचे नसते हे स्थानिक वकिलाच्या तोंडून, त्यांच्या भाषेत सांगितले जाईल अशी व्यवस्था करावी.

व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी सत्र माग काढण्याचे. गुरे चोरीला गेली की पाऊलखुणा काढत जायचे आणि माग ज्या समाजाच्या हद्दीत शिरतो त्यांनी पुढचा शोध घ्यायचा, ही तिथली जुनी रीत आहे. आपल्याकडे जागल्या चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन त्या गावाच्या स्वाधीन करत असे, त्याच्याशी ती इतकी मिळतीजुळती आहे की हे सत्र आपण मनापासून घेऊ शकाल. फरक एवढाच, की आता माग काढणाऱ्यांच्या पुढे अफवा धावते. दहा बकऱ्यांची चोरी फोनवरून फिरता फिरता दहा माणसांचा खून होते. म्हणून सहभागींनी जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडीत दोन्ही समाजांचा एकेक माणूस असावा, आणि बातमी आली की आपल्या जोडीदाराला विचारल्याशिवाय ती पुढे पाठवायची नाही असे त्यांनी आपापसात ठरवावे. कोणत्या टेकडीवर नेटवर्क मिळते हेसुद्धा त्याच सत्रात नकाशावर मांडावे.

राहिल्या काही छोट्या पण टाळता न येणाऱ्या गोष्टी. शक्य असेल तर तीन दिवस सलग न घेता दोन दिवस आणि मग दहा-बारा आठवड्यांनी एक दिवस असे करावे. इंग्रजीतून शिकवून स्वाहिलीत दुभाषी ठेवणे पुरेसे नाही. वृद्धांची आणि अनेक स्त्रियांची भाषा बोराना, सोमाली, रेंदिले किंवा तुर्काना असते, आणि दुभाष्या एकाच समाजाचा असेल तर दुसऱ्या समाजाचा त्याच्यावर विश्वास नसतो, म्हणून दोन हवेत. बोरानातला ‘नगा’ आणि सोमालीतला ‘नबद’ हे शब्द भेटल्यावरच्या अभिवादनातही येतात आणि त्यांचा अर्थ केवळ भांडण नसणे एवढा नसतो. पाऊस, दूध, जनावरांचे आरोग्य सगळे त्यात येते. ‘संघर्ष-व्यवस्थापन’ या शब्दाचे भाषांतर शोधत बसण्यापेक्षा या शब्दांपासून सुरुवात करावी. बैठक-भत्ता देण्याची तिकडे रीत आहे. तो नाकारू नये, पण सर्वांना सारखा आणि आधी जाहीर केलेला असावा. रमजानचा महिना, बाजाराचा दिवस आणि पावसाळ्यात स्थलांतराचे आठवडे टाळावेत.

थोडक्यात माझा क्रम असा: आधी तिथे जाऊन किमान दोन आठवडे ऐकणे, मग विहीर-बाजाराभोवती माणसे निवडणे, मग नकाशा, काळाची रेघ, भरपाई आणि कायदा, माग आणि अफवा, आणि अखेरीस जोड्या. संवादकौशल्य, ऐकण्याचे टप्पे, संघर्षाचे प्रकार असे जे आपल्या साहित्यात आहे, ते याच सत्रांत जिथे गरज पडेल तिथे येऊ द्यावे.

शिबिरानंतरच्या सहा महिन्यांसाठी अंदाजपत्रकात एका स्थानिक माणसाचा प्रवासखर्च आणि फोनचा खर्च धरावा. हा खर्च मिळणार नसेल, तर पस्तीसऐवजी अठरा माणसांचे शिबिर घ्यावे आणि वाचलेली रक्कम त्यासाठी ठेवावी. त्या माणसाने दर महिन्याला प्रत्येक जोडीला दोनच प्रश्न विचारायचे: या महिन्यात जोडीदाराशी बोललात का, आणि कशाविषयी. आपण निवडलेली ठिकाणे आणि समाज कळवलेत, तर त्यांच्यातल्या सामाईक विहिरींविषयी आणि तिथे आधी कोणाला भेटावे याविषयी मला जे माहीत आहे ते मी लिहून पाठवीन.